मोतीरामचा आकडा

बोरपाणीत कुणाच्या बगीच्याला किती संत्री लागली आहेत, हे मालकाच्या आधी मोतीरामला कळायचं. मोहगावपासून सहा किलोमीटर आत असलेलं हे गाव. सौंसर-पांढुर्ण्याच्या या पट्ट्यात व्यापारी उभा बगीचा घेतात, म्हणजे फळं झाडावर असतानाच सौदा होतो, आणि झाडावरची हजारो फळं मोजत बसायला ना व्यापाऱ्याला वेळ ना मालकाला धीर. मग मोतीरामला बोलावणं जायचं. तो यायचा, चपला बांधावर काढायचा आणि रस्त्याकडच्या ओळीकडे ढुंकूनही न पाहता सरळ आत शिरायचा. रस्त्याकडच्या झाडांना पाणीही जास्त मिळतं आणि लाडही, त्यांच्यावरून बगीचा ठरवणारा व्यापारी हमखास फसतो. मोतीराम मधलं एखादं साधंसुधं झाड निवडायचा, खोडाला पाठ लावून उभा राहायचा आणि आतून वर पाहायचा. बाहेरून गच्च दिसणारं झाड आतून पोकळ असतं ते तिथूनच दिसतं.

मग तो आकडा बोलायचा. आकडा बोलून झाडाचं एक संत्र व्यापाऱ्याच्या तळहातावर ठेवलं की सौदा पक्का. कागद नाही, सही नाही. चाळीस वर्षांत त्याचा आकडा एखाद्या टोपल्यापलीकडे चुकला नव्हता, आणि म्हणून मोतीरामनं सांगितलेलं पुन्हा मोजून पाहायचं नाही, अशी गावाला सवयच लागून गेली होती. सवय बगीच्यापुरती ठीक होती. लसीच्या बाबतीत ती नडली.

मोतीरामची सून यमुना गावची आशा कार्यकर्ती. बाळंतिणी, गोळ्या, पोलिओचे थेंब आणि दोन वर्षांपासून कोरोना, असं सगळं तिच्या डोक्यावर. दोन हजार बावीसचा जानेवारी होता. टीव्हीवर नव्या कोरोनाचं नाव दिवसातून शंभरदा येत होतं. गावात ते नाव कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून सगळे त्याला नुसतं ‘नवावाला’ म्हणत. नवावाला फार भराभर पसरतो म्हणे. संत्र्याच्या गाड्या भरून नागपूरला गेलेल्यांपैकी तिघं खोकत परतले होते. पण बोरपाणी निर्धास्त होतं. गावात अठरा वर्षांवरची माणसं चारशे अठरा, आणि यमुनाच्या यादीप्रमाणे चारशे अठराजणांचे दोन्ही डोस झालेले. आसपासच्या कुठल्याही गावाचं असं झालं नव्हतं. सरपंच गुणवंतानं तर हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘शंभर टक्के लसीकरण झालेले गाव’ असं रंगवूनही घेतलं होतं. येत्या शनिवारी तो फलक शाळेच्या फाटकावर लागायचा होता.

यादीत खोटी नावं होती, हे मोतीरामला पक्कं ठाऊक होतं. त्यातलं पहिलं त्याचं स्वतःचं होतं.

झालं होतं असं. पोळ्यानंतर शाळेत पहिलं शिबिर भरलं. पहिल्या खोलीत आधार कार्ड दाखवून नाव लिहायचं, दुसऱ्या खोलीत सुई. लोकांची ही गर्दी. मोतीराम रुबाबात सगळ्यांच्या पुढे उभा राहिला, नाव लिहून घेतलं, दुसऱ्या खोलीच्या दाराशी गेला, आतला स्पिरिटचा वास नाकात शिरला आणि त्याचे पाय आपोआप मुतारीच्या बाजूला वळले. मुतारीच्या मागं फाटक, फाटकामागं पऱ्हाटी. कपाशीच्या ओळींतून वाकून वाकून तो घरी पोचला तेव्हा अंगभर घाम होता. नाव लिहिलं म्हणजे सुई झाली, असं धरून यादी पुढे गेली. संध्याकाळी यमुनानं विचारलं, “हात दुखते का, मामाजी?”

“आपला कायले दुखन? आपल्याले काही होत नाही,” तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला. घरादारानं कौतुक केलं. खोटं एकदा कौतुकाला चढलं की खाली उतरायला फार कठीण जातं.

डिसेंबरातल्या दुसऱ्या शिबिरात त्यानं तेच केलं. पण या वेळी मागं पाचोळा वाजला. वळून पाहतो तर त्याच्या पाठोपाठ फाटकातून माणसं निघत होती. पहिल्या डोसनं दोन दिवस ताप येऊन ज्यांचा संत्रातोडीचा रोज बुडाला होता, ती ही मंडळी. मोतीरामभाऊ निघाला म्हणजे काही विचार करूनच निघाला असेल, असं त्यांनी धरलं. कुणी कुणाशी बोललं नाही. आणि मोतीरामची खोड बघा, त्या अवस्थेतही, पऱ्हाटीत दडून बसल्या बसल्या त्यानं डोकी मोजली. सोळा. आपण सतरावे.

आता इतका धट्टाकट्टा माणूस सुईला का भ्यावा? तर सुईला तो भीत नव्हताच. भीत होता तो तुळशीरामच्या आठवणीला.

तुळशीराम त्याचा धाकटा भाऊ. मागच्या वैशाखात, दुसरी लाट अगदी भरात असताना, मोतीराम त्याला गाडीवर मागं बसवून सौंसरला लस टोचायला घेऊन गेला होता. पाचव्या दिवशी तुळशीराम गेला. सुईनं गेला, असं सगळं बोरपाणी म्हणालं. ते खरं नव्हतं. निघायच्या सकाळीच तुळशीरामचं अंग तापलेलं होतं, खोकलाही होता. “ताप सांगू नको, वापस पाठवतीन. पुन्हा खेप पडन,” असं मोतीरामनंच त्याला रस्त्यात बजावलं होतं, आणि तिथल्या नर्सबाईंनी ताप आहे का विचारल्यावर तुळशीरामनं भावाचं ऐकून नाही म्हणून मान हलवली होती. त्याच दिवशी ताप सांगितला असता तर तपासणी झाली असती, पाच दिवस आधी दवाखाना मिळाला असता. मोतीराम हे स्वतःशीसुद्धा सलग बोलू शकत नसे. गाव सुईला दोष देत होतं आणि तो गप्प राहत होता, कारण सुईचा दोष नाही म्हटलं की मग कुणाचा, हा प्रश्न येणारच होता. स्पिरिटचा वास आला की त्याला ती खोली, ती बाई आणि भावाची हललेली मान दिसायची.

त्याच लाटेत मोतीरामची बायको विजयमाला बावीस दिवस दवाखान्यात राहून परत आली. जीव वाचला, पण छाती नाजूक झाली. चार पायऱ्या चढली की ती भिंतीला हात लावून उभी राहायची. तिचे दोन्ही डोस यमुनानं स्वतः हात धरून नेऊन घ्यायला लावले होते. तरी सौंसरच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की हिच्याजवळ येणारा प्रत्येक माणूस लस घेतलेला असला पाहिजे. तिच्या सगळ्यात जवळ येणारा माणूस कोण, हे काही वेगळं सांगायला नको.

बुधवारी सकाळी सरपंच गुणवंता घरी आला. जाकीट, कडक टोपी, आणि हातात फलकाचा फोटो असलेला मोबाइल.

“मोतीरामभाऊ, शनिवारी तुमीच आकडा बोला,” तो म्हणाला. “आपल्या गावात आकडा तुमच्याच तोंडून निंगते. चारशे अठरा म्हना, अन् त्या लसवाल्या गौतमभाऊच्या हातावर संत्र ठेवा. सौद्यासारखं. फोटो मस्त येईन.”

“मी कायले? यमुनानं मेहनत केली, तिले बोलू द्या.”

“यमुनाले हार घालूच ना. पन लोकाईले तुमचा शब्द पाह्यजे.” गुणवंतानं चहा संपवला. “अन् मंग ते लसीची गाडी गौतमभाऊ दुसऱ्या गावाले घेऊन जाईन. आपलं तं पूर्ण झालं. आपल्याकडं आता तिचं काय काम?”

गुणवंता गेला आणि मोतीराम ओट्यावरच बसून राहिला. फलक लागला असता, लोकांनी चार दिवस पाहिला असता आणि ते विसरले असते. त्याचं त्याला फारसं काही नव्हतं. पण गाडी जाणार होती. गाडी एकदा गेली की सतराजण तसेच राहणार, आणि त्यातल्या एकाचं जेवणाचं ताट रोज विजयमालाच्या ताटाशेजारी मांडलं जाणार होतं.

दुपारी यमुना अंगणात तूर वाळत घालत होती. त्यानं आडून विचारून पाहिलं.

“यमुना, गाडी थांबवता नाही येत का अजून आठ रोज?”

“कोनासाठी, मामाजी?”

“नाही, असंच. कोनाचं राह्यलं असन तं?”

यमुना हसली. हात तुरीत, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर दोन वर्षांनी आलेला निवांतपणा. “कोनाचं राह्यलं? तुमीच तं सगळ्याईच्या पुढं होते. तुमाले पाहूनच लोकं आले. नाही तं तुळशीराम काकाजीचं झाल्यावर या गावात कोन हात समोर करत होतं? मी दारोदार फिरली तं लोकाईनं कवाडं लावून घेतले. तुमी रांगेत उभे राह्यले अन् सारं बदललं.”

तिनं हे इतक्या मनापासून सांगितलं की मोतीरामला तिथून उठून जावंसं वाटलं, आणि तो उठून गेलाही. नाल्यापलीकडच्या एका बगीच्यात मृग बहराच्या फळांचा अंदाज द्यायचा होता. मधल्या झाडाखाली खोडाला पाठ लावून तो उभा राहिला आणि वर पाहिलं. अर्धा तास पाहिलं. आकडा येईना. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. मालकाला त्यानं डोकं दुखत असल्याचं सांगितलं. तेही खोटंच होतं.

शुक्रवारी विजयमाला त्याला म्हणाली, “जेवन काऊन जात नाही तुमाले? दोन दिवसांपासून पाहून राह्यली मी.”

“काही नाही.”

“तुळशीराम भाऊजीची आठवन येते?”

ती पोळी वाढायला दोन पावलं पुढे आली आणि तेवढ्यानंही तिला धाप लागली. भावाच्या वेळी आपण गप्प राहिलो, आणि आता हिच्याही वेळी गप्प राहणार आहोत, हे त्याला त्या पोळीकडे पाहताना लख्ख कळलं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

शनिवारी शाळेच्या मैदानात सगळं गाव जमलं. फाटकावर हिरवा फलक, टॉवेलानं झाकलेला. गौतम पांढुर्ण्याचा, तिशीचा, लस टोचणारा. त्याची गाडी बाहेर उभी होती आणि गाडीत बर्फाची निळी पेटी. इथून त्याला सरळ पुढच्या गावाला जायचं होतं. यमुनाच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. मग गुणवंतानं माइक मोतीरामच्या हातात दिला आणि दुसऱ्या हातात एक टपोरं संत्र.

मोतीराम उभा राहिला. समोर गाव. त्याची नजर सवयीनं गर्दीवरून फिरली आणि त्या सोळा डोक्यांवर थांबत थांबत गेली. ती सोळाही डोकी खाली वाकली होती.

“आकडा सांगतो,” तो म्हणाला. “चारशे एक.”

गुणवंता पुढे झाला आणि हळूच म्हणाला, “अठरा, भाऊ. चारशे अठरा.”

“चारशे एक,” मोतीराम पुन्हा म्हणाला. “सतरा कमी हायेत. त्यातला पयला मी. मी एकही सुई घेतली नाही. नाव लिवलं अन् मांगच्या फाटकातून पऱ्हाटीत पळालो. दोन्ही बारीनं.”

मोतीरामनं यमुनाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

“बाकी सोळा कोन ते मी सांगत नाही. त्याईनं माह्या मांगं पाय टाकला, त्याईचा दोष नाही. आता दुसरं सांगतो. माहा तुळशीराम सुईनं नाही गेला. त्या दिवशी त्याच्या आंगात ताप होता. मीच म्हनलं, लपव. त्यानं लपवला. लपवल्यानं गेला तो. सुईवर तुमी आळ घेतला अन् मी तो घेऊ देला, कारन तो माह्यावर आला असता.” त्यानं हातातलं संत्र एकदा फिरवून पाहिलं. “मी तुमाले सांगत असतो, रस्त्यावरची ओळ पाहून बगीचा घेऊ नका. अन् मीच रस्त्यावरची ओळ झालो बावा. गाडी गेली तं आपन सारे फसलो. गौतमभाऊ, गाडी ठेव.”

त्यानं संत्र कुणाच्याच हातावर ठेवलं नाही. ते टेबलावर ठेवलं आणि सदऱ्याची डावी बाही वर करून बाकावर जाऊन बसला.

आता लोक हसतील, किंवा शिव्या देतील, असं त्याला वाटत होतं. त्याची चाळीस वर्षांची पत मैदानात सांडली होती आणि ती भरायला आता आयुष्य उरलं नव्हतं, असंही वाटत होतं. गौतम निळी पेटी घेऊन आला. नाव, वय, ताप आहे का, खोकला आहे का, सगळं त्यानं नीट विचारलं. ‘ताप आहे का’ या प्रश्नाला मोतीरामनं आधी स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला.

“नाही,” तो म्हणाला. “पन हात लावून पाहा. माह्या सांगन्यावर जाऊ नको.”

गौतमनं यंत्र लावून ताप पाहिला, मग सुई दिली. स्पिरिटचा वास तोच होता. मोतीरामनं डोळे मिटले नाहीत.

उठून बाजूला होतो तोच त्याच्या जागी कुणीतरी बसलं. राहुल, तोडीच्या टोळीतला सगळ्यात दांडगा गडी. “दुसरा राह्यला माहा,” तो जमिनीकडे पाहत म्हणाला. त्याच्यामागं त्याची आई उभी राहिली. मग आणखी दोघं, मग कपाशीतून त्या दिवशी सगळ्यात शेवटी निघालेला मोहगावचा घरजावई. यमुनानं गळ्यातला हार काढला, टेबलावर संत्र्याशेजारी ठेवला आणि नवं पान काढून नावं लिहू लागली. तिचा चेहरा दगडासारखा होता. या वेळी ती नाव सुईनंतर लिहीत होती.

मोतीराम उभ्या उभ्या मोजत होता. चौदा. पंधरा. सोळाव्या बाईनं बाही खाली ओढली आणि त्यानं सुस्कारा सोडला. आपण धरून सतरा, हिशोब बरोबर जुळला.

तेवढ्यात गुणवंता सरपंचानं कडक टोपी काढून गौतमच्या हातात दिली, जाकीट काढून बाकाच्या पाठीवर टाकलं आणि बसला.

“तुमचा तं फोटो हाये ना, सरपंच?” गौतम म्हणाला. “दुसऱ्या डोसचा. व्हॉट्सॲपवर आला होता.”

“फोटो काढला होता,” गुणवंता म्हणाला. “टोचाच्या आधी फोन आला.”

आधी कुणीतरी मागं फिसकन हसलं. मग सगळं मैदान हसलं, आणि त्या हसण्यात सतराही जणांची लाज जरा हलकी झाली. गुणवंता तेवढा हसला नाही. त्याचा दंड गौतमच्या हातात होता. अठरा. मोतीरामचा आकडा चुकला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, साऱ्या गावासमोर, एकानं चुकला होता, आणि त्याला इतकं बरं गेल्या कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. फलक टॉवेलासकट उतरवून शाळेच्या कोठीत ठेवला. मोतीरामचा दुसरा डोस चैत्रात होता. तोवर तो फलक तिथंच राहावा, असं यमुनानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. टेबलावरचं संत्र गौतमनं उचललं नाही. “हे चैत्रात घेईन,” तो म्हणाला. “तवा आकडा पूर्न बोला.”

आजार काही माणसांची तयारी पाहून थांबत नाही. नवावाला फेब्रुवारीत बोरपाणीतही येऊन गेला. निम्मं गाव शिंकलं, खोकलं. ज्याला ताप आला त्यानं तो त्याच दिवशी यमुनाला येऊन सांगितला; नाव लपवलं नाही, ताप लपवला नाही. विजयमालालाही तीन दिवस ताप होता. तिची ऑक्सिजनची मशीन फडताळावर चादर घालून ठेवली होती, ती खाली काढावी लागली नाही.

पण ते पुढचं. शनिवारी घरी आल्यापासून यमुना मोतीरामशी एक शब्द बोलली नव्हती. जेवायला वाढलं ते पोराच्या हातून पाठवलं. विजयमालानं मात्र त्याच्या शेजारी नेहमीच्या जागी ताट मांडलं, आणि “आता जेवन जाईन,” एवढंच म्हणाली.

रविवारी सकाळी मोतीराम राहिलेला आकडा द्यायला नाल्यापलीकडच्या बगीच्यात गेला. शेजारच्या बगीच्यात तोड चालू होती, पण कामाला काही रंग नव्हता. राहुल उजव्या हातानं फांदी ओढत होता आणि डावा हात पोटाशी धरून उभा होता. त्याची आई तशीच. शेजारच्या झाडाखाली आणखी दोघं डावा दंड चोळत बसले होते, आणि मालक कपाळावर हात मारत फिरत होता. मोतीराम बुधवारच्याच मधल्या झाडाखाली गेला, खोडाला पाठ लावली आणि वर पाहिलं. आकडा आला. बोलायला हात वर करायला गेला तर डावा खांदा असा ठणकला की त्याच्या तोंडून हूं निघालं.

तो घरी आला. यमुना ओट्यावर बसून औषधांची पेटी लावत होती. ती मान वर न करता बराच वेळ गोळ्यांची पाकिटं इकडची तिकडं करत राहिली. मग तिनं विचारलं. आवाज अजून रागाचाच होता.

“हात दुखते का, मामाजी?”

मोतीराम तिच्यासमोर पायरीवर बसला.

“दुखते,” तो म्हणाला. “लय दुखते, बाई.”

यमुनानं पेटीतून एक गोळी काढली, पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, आणि तो गोळी गिळेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिली.